मुंबई वेळेची एकोणचाळीस मिनिटे

आमच्या ज्ञाती मंडळाची स्मरणिका गेल्या महिन्यात टपालाने आली. तीत वधूवर विभागाच्या ‘संगणकीय वाटचाली’वर दोन पानांचा लेख आहे आणि त्या दोन पानांत माझ्या वाट्याला एक वाक्य आले आहे : ‘मूळ प्रोग्रॅममधील काही त्रुटी पुढे दूर करण्यात आल्या.’ त्यात माझे नाव नाही, आणि नसल्याचे दुःखही नाही. परंतु हे वाक्य मी पूर्वी एकदा वाचले आहे. ते एका पत्राच्या मसुद्यात होते आणि तो मसुदा मी चिटणिसाच्या टेबलावर टाकून उठलो होतो. म्हणून आता लिहिणे भाग आहे.

लेख म्हणतो की पत्रिकेचा प्रोग्रॅम ‘काही उत्साही सभासदांनी’ तयार केला. उत्साही सभासद एकच होता आणि त्याला पाठदुखी होती. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो आणि तिथे बेसिक भाषा शिकलो होतो. आखातातून परतलेल्या एका सभासदाने मंडळाला एक छोटा संगणक भेट दिला : आठ बिटांचा, टीव्हीला जोडायचा, प्रोग्रॅम कॅसेटवर साठवायचा. मंडळाची खोली भांडुपला, पिठाच्या गिरणीच्या वर. गिरणी सुरू असली की पडद्यावरचे ग्रह थरथरत, म्हणून मी गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी काम करी आणि आधी कळफलकावरचे पीठ फडक्याने पुसून घेई. जन्मतारीख, वेळ आणि गाव दिले की सात मिनिटांत कुंडली छापून निघे. हे सात महिन्यांचे काम होते.

ज्योतिषावर माझा विश्वास तेव्हाही नव्हता. मंगळ माणसाचा संसार मोडतो की नाही, हा माझा प्रश्न नव्हता. मंगळ कुठे होता हे बिनचूक सांगणे, एवढेच माझे काम होते आणि ते मी केले.

त्यात एक अडचण होती, जी आजच्या माणसांना ठाऊक नाही. या शहराचे स्वतःचे घड्याळ होते. देशभर स्टँडर्ड टाइम लागू झाल्यानंतरही मुंबईत कित्येक वर्षे, पार पन्नासच्या दशकापर्यंत, ‘मुंबई वेळ’ पाळली जाई आणि ती एकोणचाळीस मिनिटे मागे असे. एकाच दिवशी जन्मलेल्या दोन मुलांपैकी एकाची वेळ रेल्वेच्या घड्याळाची, तर दुसऱ्याची मुंबई वेळेची. शिवाय युद्धाच्या काळात सगळीच घड्याळे पुढे केलेली. एकोणचाळीस मिनिटांत लग्नरास बदलू शकते आणि ती बदलली की प्रत्येक ग्रह एकेक घर सरकतो. मी जुनी पंचांगे चाळली, प्रसूतिगृहांतल्या निवृत्त कारकुनांना भेटलो आणि या दुरुस्त्यांचा एक तक्ता बनवला. माझा प्रोग्रॅम विचारी : ‘वेळ कोणती? १ स्टँडर्ड, २ मुंबई.’ उत्तर मिळाले की तक्त्यातून दुरुस्ती उचली.

हा तक्ता मी प्रोग्रॅमच्या ओळींत लिहिला नव्हता. तो वेगळ्या कॅसेटवर होता. आधी ती कॅसेट लावायची, मग तक्त्याचे आकडे यंत्राच्या स्मृतीत एका ठरावीक जागी जाऊन बसत आणि प्रोग्रॅम तिथे डोकावून ते वाची. यंत्राची स्मृती तोकडी होती, हे त्याचे कारण मी सर्वांना सांगत असे. ते निम्मे खरे होते. उरलेले निम्मे पुढे येईल.

मग नवे यंत्र आले. सोळा बिटांचे, डॉसवर चालणारे. त्याला माझी कॅसेट लावायला जागाच नव्हती, आणि असती तरी त्याची प्रणाली इतकी निराळी होती की जुना प्रोग्रॅम तिला कळला नसता. तो नव्या यंत्रावर आणण्याचे काम चिटणिसाच्या जावयाकडे गेले. घाटकोपरला त्यांचा संगणकाचा क्लास होता. त्यांनी माझा प्रोग्रॅम छापील कागदावरून ओळीओळीने टाइप केला, यंत्राने जिथे चूक दाखवली तिथे शब्द बदलले आणि यंत्र गप्प झाले तेव्हा काम झाले असे जाहीर केले. छापील कागदावर तक्ता नव्हता. नव्या यंत्राच्या स्मृतीत त्या जागी शून्ये होती. प्रोग्रॅम पूर्वीसारखाच अदबीने विचारी, ‘वेळ कोणती?’ दोन म्हटले की शून्य मिनिटांची दुरुस्ती करी आणि पुढे जाई. बंद पडलेला प्रोग्रॅम परवडतो. चुकीचे उत्तर ठामपणे देणारा परवडत नाही.

मी बैठकीत सांगितले होते, ‘जुन्या दहा पत्रिका दोन्ही यंत्रांवर काढा आणि ताडून पाहा.’ स्मरणिका म्हणते की मी ‘नव्या यंत्राला विरोध’ केला. विरोध यंत्राला नव्हता.

‘ताडून बघितल्यात आम्ही,’ चिटणीस म्हणाला. आम्ही एका शाळेतले, त्यामुळे त्याच्या तोंडी माझ्यासाठी कायम तूच. ‘जावईबापूंची, माझ्या दोन्ही पोरांची, खजिनदाराच्या मुलीची. सगळ्या जुळल्या. आता तुला काय, नव्या यंत्राचा नारळ तुझ्या हातून फोडायचा राहिला म्हणून राग?’

सगळे हसले. जुळणारच होत्या. ही सगळी मुले मुंबई वेळ मोडीत निघाल्यानंतर जन्मलेली होती. तक्त्याची गरज फक्त त्याआधी जन्मलेल्यांना होती, म्हणजे ज्यांचे लग्न तिशी उलटून गेली तरी झाले नव्हते त्यांना. ज्यांना आधीच उशीर झाला होता, नेमक्या त्यांच्याच पत्रिका चुकत होत्या. जुने यंत्र ‘अडगळ’ म्हणून मला घेऊन जायला सांगितले. मी ते रिक्षात मांडीवर घेऊन मुलुंडला घरी आणले.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक कुटुंब होते. वडील कापडगिरणीतून घरी बसलेले, थोरली मुलगी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. दोन भावांची शिक्षणे तिच्या पगारावर झाली. त्यात तिचे वय बत्तीस झाले. बोरिवलीचे एक स्थळ आले होते. मुलगा बँकेत, वय छत्तीस, दोघांनी एकमेकांना पाहिले होते आणि पसंती झाली होती. फक्त मुलाच्या आईला मंडळाकडची पत्रिका हवी होती. एका रविवारी तिचे वडील कागद घेऊन वर आले.

‘भाऊ, ह्या बघा. मंगळ निघालाय. सातव्या घरात. त्यांनी नाय म्हणून कळवलं.’

मी कागद पाहिला. त्या मुलीची पत्रिका तीन वर्षांपूर्वी मीच काढली होती. तिचा मंगळ सहाव्या घरात होता. मी जुने यंत्र टीव्हीला जोडले, दोन्ही कॅसेटी लावल्या. सात मिनिटांनी कागद निघाला : मंगळ सहावा, निर्दोष. जन्मवेळेपुढे प्रसूतिगृहाच्या चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात ‘मुंबई टाइम’ लिहिलेले होते.

दोन्ही कागद घेऊन मी बोरिवलीला गेलो. मुलाची आई तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवून माझे सगळे ऐकले, घड्याळांचा इतिहासही ऐकला.

‘भाऊ, तुम्ही शिकलेले,’ ती म्हणाली. ‘पण माझ्यासमोर दोन कागद आणि दोन मंगळ. सकाळी एका घरात, संध्याकाळी दुसऱ्या घरात. मंगळ आहे की भाडेकरू?’ आतून मुलगा म्हणाला, ‘आई, पुरे ना!’ ती पुढे म्हणाली, ‘मुलगी मला आवडलीय. मंडळाने लेखी द्यावं की पहिला कागद चुकला. मी लगेच हो म्हणते. पण लवकर. माझ्या भावाने दुसरी मुलगी सुचवलीय आणि तो थांबणारा नाही.’

म्हणजे एक पत्र हवे होते. चार ओळींचे.

चिटणिसाने मला पाऊण तास बसवून ठेवले, जावयाला फोन केला, आणि मग स्वतःच्या हाताने मसुदा लिहिला. माझ्यासमोर सरकवला. त्यात म्हटले होते, ‘मूळ प्रोग्रॅममधील त्रुटीमुळे सदर पत्रिकेत चूक झाली असून ती दुरुस्त केली आहे.’

‘मूळ प्रोग्रॅम?’ मी म्हणालो. ‘मूळ प्रोग्रॅमने बरोबर उत्तर दिलंय. कागद हा बघ.’

‘अरे बाबा, कोण वाचणार आहे ते? बोरिवलीची म्हातारी वाचणार. पोरीचं काम होऊ दे ना.’

‘मग लिही, नव्या यंत्रावर आणताना चूक झाली.’

‘जावयाच्या तोंडाला काळं फासू? मुलगी दिलीय रे मी त्या घरात!’ मग त्याने आवाज खाली आणला. ‘आणि एक सांग. तो तक्ता तू कागदावर का नाही ठेवलास? ठेवला असतास तर त्यांनी टाइप केला असता. दडवून कुणी ठेवला?’

मसुदा टेबलावर टाकून मी उठलो.

त्यानंतरचे तीन दिवस मी काय केले, हे स्मरणिकेत नाही, कारण ते कुणालाच ठाऊक नाही. मी अध्यक्षांना पत्र लिहिले. फुलस्केपची पाच पाने, मुद्द्यांना क्रमांक, सोबत दोन्ही पत्रिकांच्या प्रती. त्यातला प्रत्येक मुद्दा खरा होता आणि आजही मी त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. अध्यक्षांनी कार्यकारिणी बोलवायचे ठरवले. चौथ्या दिवशी बोरिवलीच्या मुलाचा साखरपुडा ठरल्याचे कळले. मुलगी मामाने सुचवलेली.

शिक्षिका त्या संध्याकाळी वर आली. माझ्या पत्नीने तिला चहा दिला. ती रडली नाही. शाळेच्या वह्यांचा गठ्ठा मांडीवर तसाच होता.

‘काका, मी चिटणिसांकडे गेले होते,’ ती म्हणाली. ‘त्यांनी मला तो मसुदा दाखवला.’

‘तो खोटा होता,’ मी म्हणालो.

‘हो. मला कळलं ते.’ तिने कप खाली ठेवला. ‘पण मला चालला असता.’

मग तिने विचारले, ‘तक्ता वेगळा का ठेवला होतात?’ मी यंत्राच्या तोकड्या स्मृतीबद्दल बोलू लागलो आणि मध्येच थांबलो. गणित शिकवणारी बाई होती. खरे कारण असे की दुसऱ्या एका मंडळाने माझी कॅसेट उतरवून घेतल्याचा मला संशय होता, आणि माझ्यावाचून माझा प्रोग्रॅम कुणाला चालवता येऊ नये अशी मी तजवीज केली होती. ती उत्तम साधली. जावयांना तो चालवता आला नाही, आणि चालवता येत नाही हेही त्यांना कळले नाही. हे मी तिला सांगितले. ती ‘बरं’ म्हणाली आणि वह्या घेऊन खाली गेली.

दुसऱ्याच दिवशी मी तक्ता स्वच्छ अक्षरात कागदावर उतरवला आणि मंडळाच्या खोलीत दिला, विनाअट. जावयांनी तो टाइप केला. लेखातल्या ‘त्रुटी दूर करण्यात आल्या’ त्या अशा. पुढच्या पत्रिका बरोबर निघाल्या असाव्यात. मी तपासायला गेलो नाही. शिक्षिकेने पुन्हा कुठेही पत्रिका दिली नाही. मुख्याध्यापिका होऊन ती निवृत्त झाली आणि अजून तळमजल्यावर एकटी राहते. जिन्यात भेटली की पूर्वीसारखीच ‘कसे आहात, काका?’ म्हणते.

स्मरणिकेच्या संपादकांना मी खुलासा पाठवणार आहे. यंत्राला माझा विरोध नव्हता, प्रोग्रॅम मी एकट्याने लिहिला आणि तो बरोबर होता, हे त्यात असेल. ते वाक्य मात्र वगळा, असे मी लिहिणार नाही. त्या वाक्याखाली मंडळाचा शिक्का उमटू नये म्हणून मी एका मुलीचे तीन दिवस खर्च केले. आता ते छापून आले आहे, आणि आता त्याचा कुणालाच उपयोग नाही.