हीटर चालू, हवा गार

मंडळी, आज स्वतःच्याच शहाणपणानं तोंडघशी पडलोय.

उद्या आईला घेऊन गाडीनं हिमाचलला निघायचं होतं. तिथं राहणाऱ्या माझ्या लेकीला मुलगी झालीय आणि पंच्याऐंशीच्या आईला पणतीला बघायचंय. दम्यामुळे डॉक्टरांची अट एकच, तिला गार हवा लागता कामा नये.

सकाळी हीटर लावून पाहिला. इंजिन तापलं, हवा गारच. रोडपालीच्या मेस्त्रीकडे गेलो. बॉनेट उघडून तो हसायलाच लागला.

"शेठ, हीटरला गरम पानी जातंय कुठं? गळत होता तवा तुमीच बोल्लात ना, पनवेलमदी हीटर कोनाला लागतो, पाईप बायपास कर!"

बोललो होतो खरा. आता नवा पार्ट यायला आठ दिवस, तोवर लेकीकडे वर जाणारा रस्ता बर्फानं बंद. गाडी मागायला चार मित्रांना फोन केले. चौघांनीही माझ्याच सल्ल्यानं हीटर बंद करून टाकलाय.

आईला म्हटलं, उन्हाळ्यात जाऊ. तिनं बॅगेतून पणतीसाठी विणलेलं टोपरं काढून माझ्या हातात दिलं.

"हे कुरिअर कर बाबा. उन्हाळ्यापर्यंतचा भरवसा मी देत नाही."

टोपरं अजून माझ्या हातातच आहे. तुम्ही काय म्हणाला असता?