पंपाला लावलेलं कुंकू

मी कुवेतला निघालो तेव्हा आईने मला ओवाळलं आणि मग माझ्या पान्यांच्या पिशवीलाही हळदकुंकू लावलं. खाली हायवेवर जीपवाला हॉर्न मारून जीव खात होता. "कामाच्या वस्तूला आधी हात जोड, मग हात लाव," ती म्हणाली. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. त्या पान्यांचा इथे काही उपयोग झाला नाही, हत्यारं कंपनीच देते. पण ती कुंकवाची पिशवी जहरा गावातल्या कामगार-कॅम्पात कित्येक वर्षं माझ्या बंकखाली होती आणि मला तिचा फार आधार वाटायचा.

पुढे फिटरचा फोरमन झालो. फॅमिली व्हिसा मिळाला, अबू हलीफा भागात भाड्याने फ्लॅट घेतला, बायको आली. मुलगी आम्ही मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तरं देऊ लागली आणि मला त्याचं कौतुकच वाटायचं. तुम्हा वाचकांपैकी जे इकडे आलेत त्यांना ठाऊक आहे, इकाम्यावरचा, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावरचा हुद्दा बदलला की माणसाची चालही बदलते.

मग आई व्हिजिटवर आली. वडील गुरांपायी गावीच राहिले. तिच्या सामानात कुळथाचं पीठ, आमसुलं आणि कुंकवाचा करंडा. तिला माझं मशीन बघायचं होतं. "ज्याच्यावर आपलं घर उभं राह्यलं, त्याला एकदा हळदकुंकू लावतंय," हा तिचा एकच धोशा. तिला साइटवर गेटपास कोण देणार? म्हणून सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना खनिज तेलाच्या म्युझियममध्ये नेलं. तिथे एक जुना पंप रंगवून, दोरी लावून ठेवला होता. "असल्याच पंपांवर मी काम करतो," मी ऐटीत सांगितलं.

आईने चपला काढल्या. मी पुढची पाटी वाचत होतो तोवर ती दोरीखालून आत गेली, पंपाला हळदकुंकू लावलं आणि पदर पसरून नमस्कार केला. सहलीला आलेली शाळेची पोरं वळून बघायला लागली. "बाबा, एव्हरीवन इज लुकिंग," म्हणत मुलगी माझ्या मागे लपली. गार्ड आला. भला माणूस, हसून "कोई बात नहीं, अम्मा" म्हणाला. पण माझे कान तापले होते. मी त्याला सॉरी सॉरी करत रुमाल काढला आणि ते कुंकू खसाखसा पुसून टाकलं. आईच्या डोळ्यांदेखत.

"पुसलंस?" एवढंच ती बोलली.

सवाष्णीने लावलेलं कुंकू पुसणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? घरी येऊन तिने भाकऱ्या केल्या, नातीला भरवलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. म्युझियममध्ये मला तिची लाज वाटली होती. आता माझीच वाटते, अजून वाटते.

तुमचं खरं घर कुठलं, असं तुम्ही वाचक पत्रांतून विचारता. जिथे आई न विचारता कपाळाला बोट लावते ते माझं घर, असं मी मनाशी धरून होतो. पुढच्या वर्षी गावी गेलो. परत निघताना आई ताट घेऊन ओटीवर आली. ओवाळलं, बोट कुंकवात बुडवलं, माझ्या कपाळापर्यंत आणलं आणि थांबली.

"लावू काय रे?" तिने विचारलं.