वडी न पोचणारं गाव

"तासांत सांगा. किलोमीटरचं मला काही करता येत नाही."

परदेशी निघालेलं कोणीही दारात आलं, की आमच्या वाघोलीच्या सोसायटीतल्या या काकू कणकेचे हात नॅपकिनला पुसत आधी हे सांगायच्या. मग पुढचा प्रश्न, "मध्ये कुठे उतरवतात?" उत्तरावर डबा ठरायचा. दुबई म्हणजे त्यांच्या लेखी प्रवासच नव्हे. पोळीभाजीची एक गुंडाळी. लंडनला धपाटे. अमेरिकेला दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, कारण त्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात.

चौथ्या मजल्यावरच्या इंजिनिअरने एकदा धीर करून सांगितलं, "काकू, विमानात जेवण देतात हो."

"देतात की. हॉस्पिटलातही देतात," म्हणून काकूंनी डबा त्याच्या हातात ठेवला. पुण्यात राहणाऱ्यांना हा सूर वेगळा सांगायला नको.

माझी बहीण शिकागोला असते. आई पहिल्यांदा एकटी तिकडे निघाली, तेव्हा इंग्रजीच्या धाकाने तिची झोप उडाली होती. काकूंनी तीन पुड्या बांधल्या. "पहिली मुंबई सुटल्यावर. दुसरी मधल्या विमानतळावर, निवांत बसून. तिसरीला हात घातला की समजायचं, लेक जवळ आली." आई पाट्यांकडे फारसं न बघता पुड्यांच्या हिशेबाने नीट पोचली.

काकूंचा स्वतःचा मुलगा ऑकलंडला. नकाशावर पाहिलं तर शिकागोपेक्षा ऑकलंड आपल्याला थोडं जवळच आहे. मी त्यांना मोबाइलवर दाखवलंही. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि मोबाइल परत दिला.

"जिथे माझी वडी पोचत नाही, ते लांबच."

मुलाला त्यांच्या हातची खव्यातली नारळाची वडी फार आवडायची, आणि तिकडे दुधातुपाचं घरगुती काही आत नेऊ देत नाहीत. सगळ्या सोसायटीच्या लेकरांना वाटेला लावणाऱ्या बाईला स्वतःच्या लेकाला एक वडी धाडता येऊ नये, याचा मला संताप यायचा. नारळाची वडी मात्र काकूंनी कोणालाच करून दिली नाही. "ती प्रवासात फुटते," म्हणायच्या. एरवी सडेतोड असलेली ही बाई तेवढ्यापुरतं धडधडीत खोटं बोलायची.

भेटायला जायचं, तर गुडघे इतका वेळ बसू देणार नाहीत, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. मग एकदा मुलगा फोनवर सहज म्हणाला, "आई, त्या वडीची चव आता नीट आठवत नाही गं."

त्याच आठवड्यात काकूंनी तिकीट काढायला लावलं. लोहगावच्या विमानतळावर मीच सोडायला गेले. बॅग उचलली तर अगदी हलकी.

"काकू, लेकाला काहीच नेलं नाहीत?"

"हात नेतेय की. नारळ-साखर तिथे मिळते."

आणि गुडघ्यांची तक्रार न करता त्या तरातरा आत गेल्या. मला रडू आलं, आणि हसूही.

आता त्या तिथेच राहिल्यात. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी न राहवून फोन केला. मागे कढईत उलथनं वाजत होतं.

"काकू, कसा झाला प्रवास?"

"झाला. नंतर कर फोन. तो खातोय."