मी कृष्णधवल कसा झालो

गेली नऊ वर्षं लोक मला कलाकार म्हणतात. यात लोकांची चूक नाही. मी त्यांना म्हणू दिलं, आणि वर दाढी वाढवून त्यांच्या गैरसमजाला हातभारही लावला. खरं म्हणजे माझा धंदा ओळखपत्राचे फोटो काढण्याचा. पुढच्या खोलीत एक स्टूल आणि पांढरा पडदा. "हनुवटी खाली, अजून जरा, अहो इतकी नाही" असं दिवसभर म्हणत राहायचं. मागच्या खोलीत कॉम्प्युटर, प्रिंटर आणि चहाची किटली. एवढ्या ऐवजाला मी पाटीवर 'कृष्णधवल छायाचित्रांचं दालन' असं नाव दिलं आहे. दालनात तीन माणसं एकदम आली तर चौथ्याने दारात उभं राहायचं.

कलाकार होण्यामागचं कारण आता सांगून टाकतो. मला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. दोन्ही मला एकाच मळक्या घराण्यातले दिसतात. शाळेत चित्रकलेच्या तासाला मी एक अख्खं झाड तांबड्या पानांचं काढलं. बाईंनी वर्गाला दाखवलं, "बघा, पानगळ किती सुरेख जमलीय!" मला वाटलं होतं, मी भर उन्हाळ्यातलं हिरवंगार झाड काढलंय. पण मी गप्प बसलो. आपण गप्प बसलो की समोरचा आपल्यासाठी बरा अर्थ शोधतो, हे मला त्या दिवशी कळलं, आणि पुढचं सगळं आयुष्य मी त्याच्यावरच काढलं.

मामाच्या स्टुडिओत लागलो तेव्हा सगळं काम काळ्या-पांढऱ्यातलं होतं. अंधाऱ्या खोलीत, ट्रेमधल्या रसायनात कागद बुडवला की त्यावर हळूहळू माणूस उगवायचा. त्या कामात मी खरंच बरा होतो. मामा म्हणायचा, "याला दहा जणांना दिसत नाहीत एवढे करडे दिसतात." मग रंगीत फिल्म आली, पण तिची काळजी लॅबवाले करायचे. मी फक्त बटण दाबायचो. पंचाईत झाली ती डिजिटल कॅमेरा आल्यावर. मामा निवृत्त झाला, स्टुडिओ माझ्या नावावर झाला आणि रंग दुरुस्त करायचं काम थेट माझ्या गळ्यात येऊन पडलं.

काही वर्षं मी निभावली. कॉम्प्युटरमधलं 'आपोआप' नावाचं बटण दाबायचं आणि डोळे मिटून प्रिंट काढायची. पण एका लग्नाच्या फोटोंत मला हुशारी सुचली. चेहरे जरा लालसर वाटताहेत, असं मलाच वाटलं. मला! मी ती लाली हाताने कमी करत गेलो. साडेतीनशे फोटो. मग नवरीच्या आत्याला बोलावून मोठ्या ऐटीत पडद्यावर दाखवले.

आत्याबाई पहिल्या फोटोपाशीच थांबल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आमचा जावई आजारी होता का हो त्या दिवशी?"

"का? छान तर दिसताहेत."

"हिरवा पडलाय. सगळेच हिरवे पडलेत. भटजींपासून वाढप्यापर्यंत."

मी तिसरंच काहीतरी बोललो. "हे कच्चं काम आहे. मी हे लग्न कृष्णधवलमध्ये करतोय. त्याच्या आधी चेहरे असे... शांत करून घ्यावे लागतात."

"शांत?" आत्याबाई म्हणाल्या. "हे तर गेल्यासारखे दिसताहेत."

दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि बसलो. आधी सोपा मार्ग धरला. मूळ फोटो परत उघडले आणि सगळा रंग एका झटक्यात शून्यावर आणला. तर लाल कपड्यातली नवरी मागच्या हिरव्या झुडपात विरघळून गेली. दोघांचा करडा एकच! मला जग कायम जसं दिसतं, तसंच कॉम्प्युटरला दिसलं होतं. मी जरा हळवा झालो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासारखं भेटलं होतं.

मग शोधता शोधता कळलं, की रंग काढून टाकण्याआधी प्रत्येक रंगाचा करडा किती उजळ ठेवायचा, ते आपण ठरवू शकतो. त्यासाठी एकाखाली एक पट्ट्या असतात, लाल, हिरवी, निळी, आणि त्यांच्यावर नावं लिहिलेली असतात. नावं! म्हणजे रंग ओळखायची गरजच नाही, वाचता आलं की पुरे. लालची पट्टी पुढे सरकवली, तर नवरी झुडपातून चालत बाहेर आली. चेहऱ्यांवर प्रकाश आला, मुरमं गेली, जावयाची प्रकृती सुधारली.

आत्याबाईंनी ते फोटो बघितले आणि पदर डोळ्याला लावला. "कलाकार आहात हो तुम्ही," म्हणाल्या. आणि ही बातमी त्यांनी सगळ्या नातेवाइकांत पोचवली.

त्यानंतर माझं डोकं फिरलं. रंगीत काम मी नाकारायला लागलो. गिऱ्हाइकाने कारण विचारलं, की खिडकीबाहेर बघत म्हणायचो, "रंग फार बोलतात. मला माणसाचं ऐकायचं असतं." हे वाक्य मी अंघोळ करताना तयार केलं होतं. कपडेही फक्त काळे-पांढरे घालायला लागलो. लोकांना तो बाणा वाटला. मला एवढंच सुख होतं की सकाळी कपाटासमोर घाम फुटत नव्हता.

मग गावातल्या हौशी फोटोवाल्यांच्या मंडळाने मला प्रात्यक्षिकासाठी बोलावलं. वाचनालयाचा हॉल, पन्नासेक खुर्च्या, मोठा पडदा. अध्यक्षांनी त्यांनीच काढलेला एक फोटो दिला. रस्त्याच्या कडेला छत्री घेतलेली बाई, मागे बाकावर स्वेटर घातलेला म्हातारा.

"आता या लाल छत्रीकडे बघा," मी सुरुवात केली. "लालची पट्टी पुढे नेली की छत्री उजळेल."

पट्टी पुढे नेली. छत्री ढिम्म. मागच्या म्हाताऱ्याचा स्वेटर मात्र उजळला. मी आणखी ढकलली. म्हातारा दिव्यासारखा पेटला, छत्री काळी ती काळीच. कपाळावरून ओघळणारा घाम मला कानाशी जाणवत होता. छत्री हिरवी होती, हे तिथल्या पन्नास माणसांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त व्याख्यात्याला.

तेवढ्यात अध्यक्ष उठले. "वा! सर आपल्याला काय सांगताहेत, लक्षात आलं का? आपण छत्रीकडे बघत होतो, आणि खरा विषय बाकावर बसला होता!"

टाळ्या पडल्या. दोघातिघांनी ते वहीत लिहून घेतलं. आणि मी काय केलं? मान किंचित झुकवली. इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती, आणि तरीही मान झुकवताना ती छान झुकली पाहिजे, याकडे माझं लक्ष होतं.

कार्यक्रम संपल्यावर एक शिंपीणबाई थांबल्या. आमच्याच रस्त्यावर त्यांचं दुकान आहे. गळ्यात टेप तशीच होती.

"दादा, तुम्हाला लाल-हिरवं कळत नाही ना?" त्यांनी हळूच विचारलं. "माझ्या भावाचं तसंच आहे. तोही असाच ठासून बोलतो."

मी इकडेतिकडे बघितलं. "कुणाला सांगू नका."

"नाही सांगत. माझं एक काम करून द्या."

त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. त्यांची आई, दवाखान्यातल्या खाटेवर उशीला टेकून बसलेली, हसणारी. महिन्यापूर्वी गेल्या. हा शेवटचा फोटो. औषधाने चेहऱ्यावर लाल चट्टे उठलेले होते, असं त्या म्हणाल्या. मला ते धड दिसतही नव्हते. "बाबा हा फोटो बघतच नाहीत. तोंड फिरवतात. पण हसू असलेला दुसरा फोटोच नाही आमच्याकडे."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दुकान बंद करून आल्या. मी सवयीने लालची पट्टी पूर्ण पुढे नेली. चट्टे गेले. पण त्यांच्याबरोबर ओठही गेले. हसू राहिलं नाही, नुसती एक रेघ उरली.

"असं नको," त्या म्हणाल्या. "ही कुणी दुसरीच बाई झाली."

मग मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी विचारलं, "इथे लाल किती आहे?"

त्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि सांगत गेल्या. गालावर गडद, कपाळावर फिका, ओठ गुलाबी, चादर हिरवी. गालाला वेगळी पट्टी, ओठांना वेगळी, असं तुकड्या-तुकड्याने करत गेलो. त्या कापड बघतात तशा पडद्याला नाक लावून बघत होत्या. "इथे जास्त झालं. एक टाका मागे घ्या." दोन तास गेले. करडे माझे, रंग त्यांचे. कपाळावरचा एक फिका डाग त्यांनी मुद्दाम ठेवायला लावला. "आजारी होती ती. अगदीच खोटं नको."

प्रिंट घ्यायला त्यांचे वडील स्वतः आले. स्टुलावर बसले, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ही मला काहीतरी बोलणार होती. मीच मधे फोटो काढायला लावला आणि ते राहिलं." एवढंच. आणि फोटो पिशवीत न घालता तसाच हातात धरून गेले. मला कुणी कलाकार म्हणालं नाही, आणि ते माझ्या रात्रीच्या जेवणापर्यंत लक्षातही आलं नाही.

त्याच जेवणाला बायकोला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, ती म्हणेल, मला केव्हाच माहीत होतं. बायकांना असं सगळं माहीत असतं म्हणतात. हिला काहीच माहीत नव्हतं. घास हातातच राहिला.

"थांबा. आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा तुम्ही म्हणालात, तपकिरी रंग तुला शोभतो."

"शोभतच होता."

"अहो, तो ड्रेस हिरवा होता! मला वाटलं तुम्ही आडून सुचवताय. बावीस वर्षं मी तपकिरी कपडे घेतेय. मला तपकिरी रंग मुळीच आवडत नाही!"

"मग सांगायचंस ना."

"मी सांगायचं? मी?"

दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी ती माझ्या पायांकडे बघून एकदम फुटली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. माझ्या पायात कुठल्या रंगांचे मोजे होते, ते तिने आजतागायत सांगितलेलं नाही.

पुढच्या महिन्यात मंडळात जाऊन मी कबूल केलं. म्हटलं, मला लाल-हिरवं कळत नाही, छत्रीची ती चूक होती, विचार वगैरे काही नव्हता. वाटलं, आता सुटलो. अध्यक्ष भारावून उभे राहिले. "ज्याला रंग दिसत नाहीत, तोच खरा कृष्णधवल बघू शकतो!" परत टाळ्या. मी हात जोडून सांगितलं, तसं काही नसतं हो. त्यावर, नम्रता बघा, असं कुणीतरी म्हणालं. या माणसांपुढे इलाज नाही.

आता रंगीत कामही घेतो, पण बायको शेजारी असेल तेव्हाच. ती म्हणते चेहरा पिवळा झालाय, मी म्हणतो उजेड कमी आहे, आणि गिऱ्हाईक स्टुलावर हनुवटी वर धरून ताटकळत बसतं. परवा एकाने वैतागून विचारलं, "तुमच्यापैकी फोटोग्राफर नक्की कोण?" आम्ही दोघांनी एकदमच एकमेकांकडे बोट दाखवलं.