उरलेलं कुठं पाठवलं

“बाटली तिथंच ठेव. वर यायचं नाही.”

वकीलसाहेब ओसरीवरून बोलले. मी अंगणात. ती बाटली मी अमरावतीच्या प्रयोगशाळेत वाफेवर निर्जंतुक करून, बूच घट्ट बसवून अकोल्याला आणली होती. त्यांनी बूच काढलं, आत पळीभर गोमूत्र शिंपडलं.

“आता शुद्ध झाली.”

मी जंतुशास्त्र नागपुरात शिकलो. शुद्धीची ही रीत तिथं शिकवत नव्हते.

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं, तेव्हाची गोष्ट. अन्नातून माणसाला बाधणारे जंतू हा माझा विषय. त्यातच पुढं केस पिकले. वकीलसाहेबांकडे आदल्या दिवशी मुंज झाली. पंगतीत बासुंदी. संध्याकाळपासून निम्मं घर ओकाऱ्या-जुलाबांनी आडवं. कारण शोधायला सरकारी डॉक्टरांनी मला पाठवलं. कोट घातलेला, पदवीधर महार.

अंगणात झाकलेले डबे मांडून ठेवले होते. आजाऱ्यांचे जुलाब. ते न्यायला माझे हात चालत होते. त्या डब्यांवर कुणी काही शिंपडलं नाही.

“बासुंदी हवी,” मी म्हणालो. “रोग तिच्यातच असेल.”

“ती आता कुठली? सकाळीच पाठवली.”

“कुठं?”

“कुठं म्हणजे? तुमच्या महारपुऱ्यात. घरात कुणी तोंड लावेना. एवढं आटवलेलं दूध, फेकून द्यायचं काय?”

आवाजात राग नव्हता. कपटही नव्हतं. त्यानंच माणूस थकतो. दुष्टाशी भांडता येतं. हे गृहस्थ तर दान करून बसले होते.

माझ्या पिशवीत दुसरी बाटली होती, अजून शुद्ध न झालेली. मी वळलो.

“अरे, डबे घे! आधी आमचं बघ.”

“आधी ते, ज्यांनी अजून खाल्लं नसेल.”

“कुणाशी बोलतोस, कळतं काय? डॉक्टरसाहेबांना सांगून नोकरी घालवीन.”

“सांगा. बासुंदी कुठं पाठवली, तेही सांगा.”

असल्या अंगणातून, कुणी जा म्हणायच्या आधी, मी पहिल्यांदाच निघालो.

महारपुऱ्यात एक म्हातारी बासुंदीनं भरलेला गंज राखत बसली होती. बाया कापसाच्या जिनातल्या कामावरून परतल्या की वाटणार होती. भोवती पोरं, हातात वाट्या.

“सांडा ते. बाधेल.”

“काहून रे बाबू? इतकी दाट बासुंदी मातीत घालतं? आमच्या लेकरायले कवा मिळते असं?”

मला मिळाली होती. अशाच गंजाचा तळ लहानपणी मी बोटानं पुसून खाल्ला होता. मग पोट धरून लोळलो. आई म्हणाली, नजर लागली. नजर कुणाचीच नव्हती. आम्हाला मिळायचंच तेव्हा, जेव्हा दुसरं कुणी खात नसे.

बाटलीभर काढून घेतली आणि गंज उपडा केला. पोरं रडायला लागली.

“शिकून सायेब झाला,” म्हातारी म्हणाली, “अन् आमच्याच तोंडचं काढलं.”

मी बाटलीला बूच लावलं. त्या बाटलीत जंतू निघाले, अपेक्षित तेच. वकीलसाहेबांनी सांगायचं ते सांगितलं. नोकरी राहिली, बढती गेली.

पुढं कितीतरी पंगतींच्या साथी तपासल्या. उंबऱ्याशी माझा पहिला प्रश्न हाच. उरलेलं कुठं पाठवलं? उत्तर आल्याशिवाय कुणाच्या डब्याला हात लावला नाही. लावणार नाही.