अण्णांच्या गाडीची वाढती रेस

ज्या मोटारसायकलवर मी कधी बसलोसुद्धा नव्हतो, तिचा मी डॉक्टर होतो.

दोष नोकरीचा. आठवीत शाळा सोडून मी परभणीकडून कोल्हापूरला आलो आणि शिरोलीच्या एका फाउंड्रीत लागलो. तिथं मी साच्यात वाळू ठोकायचो. पण मंगळवार पेठेत ज्यांच्या मागच्या खोलीत मी भाड्यानं राहत होतो, त्या अण्णांनी ‘पावणं मशिनरीत हायत’ एवढंच डोक्यात ठेवलं होतं. एकट्या पोराला कुणी खोली देईना, तेव्हा या माणसानं एका शब्दानं चौकशी न करता दिली होती. त्यामुळं ‘मला यातलं कळत नाही’ म्हणायची माझी छाती नव्हती. अण्णांनी अंगणात विमान आणून उभं केलं असतं, तरी मी आधी त्याचा प्लग काढून पुसला असता!

रविवार सुट्टीचा, म्हणजे सगळ्यात अवघड. इतर दिवशी भट्टीच्या आवाजात आपण एकटे आहोत हे ऐकू येत नाही. रविवारी मी खाटेवर पडून भांड्यांच्या आवाजावरून ओळखायचो, आता कुणाकडं ताटं मांडली, आता कुणाची घासायला पडली. एकदा तर दिवसभर बोलणं झालं नाही म्हणून आवाज फुटतोय का ते बघायला मी स्वतःलाच विचारलं, ‘काय, बरं आहे ना?’ (बरं होतं.)

अशाच एका रविवारी अण्णांनी हाक मारली. गाडी अंगणात साइड स्टँडवर चालू होती आणि कुणी हात न लावता तिची रेस हळूहळू वाढत होती.

“पावणं, ही आपोआपच वरडाय लागलीया. बघा की जरा.”

मी गंभीरपणे खाली बसलो. (गंभीरपणे बसणं मला जमायचं.) कार्बोरेटरला एक स्क्रू दिसला, तो उलटा फिरवला, रेस उतरली. काकूंनी म्हणजे अण्णांच्या बायकोनं लगेच फर्मान काढलं, हात धू आणि जेवून जा. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा आणि समोर बोलणारी माणसं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, मराठवाड्याच्या पोराला तिखट झेपत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी प्रत्येक चौकात बंद पडली. पुढच्या रविवारी मी स्क्रू सुलटा फिरवला, तर ती प्रत्येक वळणावर गरजायला लागली. मग मी प्लग साफ केला. मग कार्बोरेटर उघडून पेट्रोलनं धुतला. परत जोडल्यावर एक वॉशर उरला, तो ‘कंपनीनं जादा दिला होता’ असं सांगून अण्णांच्या हातावर ठेवला. शेजारच्या तालमीतल्या वस्तादांनी गाडीला पित्त झालंय असं मत दिलं, आणि माझ्या निदानांपेक्षा ते मला पटलंसुद्धा. दर रविवारी नवा आजार, तोच रस्सा. खरं सांगतो, मी आठवडाभर त्या आजाराची वाट बघायचो.

मग अण्णा आणि काकू कोडोलीला लेकीच्या सासरी गेले. व्याही पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे. अण्णांनी गाडी लावायला हँडल वळवलं आणि गाडीनं अशी डरकाळी फोडली की दावणीची म्हैस दावं तोडून उसात घुसली आणि व्याह्यांनी दचकून पायांसाठीचं पाणी अण्णांच्या तोंडावर ओतलं. सगळी भावकी संध्याकाळपर्यंत म्हैस शोधत होती. पाहुणचार राहिला बाजूला.

परत आल्यावर अण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, “ऱ्हाऊ द्या पावणं. आता गॅरेजला दावतो.”

म्हणजे रविवार संपले. मी एकच शेवटचा रविवार मागितला.

त्या रविवारी मी गाडी चालू केली आणि पहिल्यांदाच हात न लावता नुसता बघत बसलो. इंजिनाच्या थरथरीनं हँडल हळूहळू डावीकडं सरकत होतं, आणि तशीच रेस वाढत होती. हँडल सरळ केलं, उतरली. डावीकडं केलं, चढली. पेटी वाजवावी तसं मी बराच वेळ वाजवलं. मग हँडलखाली बोट घातलं. दसऱ्याला काकूंनी बांधलेला हार! फुलं कधीच गळून गेली होती. उरलेली सुतळी एक्सलेटरच्या केबलला करकचून आवळून बसली होती, हँडल डावीकडं वळलं की केबल ओढली जायची. पूजेचा हार आपण काढायचा नाही, आपोआप गळू द्यायचा, असा त्या घरचा रिवाज. तो सैल झाला की काकू वरून आणखी एक गाठ मारायच्या.

आता सांगायचं कसं? सांगितलं तर काकूंच्या पूजेत खोट काढल्यासारखं, आणि वर रस्सा बंद. नाही सांगितलं तर पुढची म्हैस कुणाची! शेवटी कोडोलीच्या त्या तांब्यानं ठरवलं, आणि मी चाचरत सांगून टाकलं.

काकू आतून विळी घेऊन आल्या. मी दोन पावलं मागं सरलो.

“मग लवकर बोलायचं न्हाय व्हय? देव काय सुतळीत बसलाय?” म्हणत त्यांनी सुतळी कापली.

मी स्क्रू जागेवर आणला. गाडी शहाण्या बाळासारखी संथ डुगडुग करायला लागली.

पुढच्या रविवारी अण्णा फेरफटका मारून आले. गाडी एका सुरात आली, एका सुरात थांबली. मला तिचा फार राग आला. मी खाटेवर पडलो. शेजारी ताटं मांडल्याचा आवाज आला.

तेवढ्यात काकूंची हाक. मी पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर उचलून, खांद्यावर फडकं टाकून धावत गेलो.

“काय बिघडलं काकू?”

त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. “काय बी न्हाय. ताट वाढलंय. ते ठेव खाली आन् जेव.”

या घरात जेवायचं तर आधी काहीतरी बिघडावं लागतं, हे माझं निदान साफ चुकलं होतं. माझी आधीची निदानं बघता, यात नवल ते काय!