गफूर मिस्त्रीचा बल्ब

गफूर मिस्त्री तारेला हात लावायच्या आधी ती हुंगायचा. लोक हसत. तो म्हणायचा, "जळेल तार वास मारते, हुडकायले सोपी. ढिली तार चूप बसते. मले तिचंच भेव."

पंचावन्न-छप्पन साल असेल. तो फिरत्या दवाखान्याचा ड्रायव्हर आणि मिस्त्रीही. त्या लांब मोटारीतच नर्सबाईंची खाट, स्टोव्ह, औषधांचं कपाट आणि विजेचा हिटर. वीज मागच्या पेट्रोलच्या इंजिनावर निघे.

पौषात गाडी किन्हीराजाला आमच्या वावराशेजारी उभी होती. माझी बायको सरस्वती सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी. माझ्या ओंजळीत मावेल एवढी. नर्सबाई म्हणाल्या, गाडीत ठेवा, हिटरची ऊब सुटू देऊ नका. दोन दिवस पोरगी बरी होती. तिसऱ्या सकाळी हिटर थंड.

गफूरनं हिटरच्या तारा सोडवून त्यांना बल्ब लावला. बल्ब लख्ख पेटला. "वीज तं येऊन राह्यली. कॉइल गेली." कॉइल बदलली. हिटर थंडच. पुन्हा बल्ब, पुन्हा उजेड. पुन्हा नवी कॉइल. मी काय करणार? बल्ब धरून उभा राहिलो. सरस्वतीनं पोरीला उघड्या छातीशी धरलं होतं, बाजूला फडक्यात गरम विटा.

"गफूरभाऊचा बल्ब काय म्हन्ते?" तिनं विचारलं.

"पेटून राह्यला," मी म्हणालो.

"मंग पोरगी काहून गार पडून राह्यली?"

दुपार कलल्यावर गफूरला सुचलं. त्यानं हिटर जोडून, चालू ठेवून, मग बल्ब लावला. या वेळी बल्ब पेटला नाही. त्यानं गाडीच्या तळाची फळी उचकटली. खालचा जोड हिरवा पडून तांब्याच्या एका केसावर टिकला होता. बल्बापुरती वीज त्यातून यायची, हिटरचा भार पडला की संपायची. तारा खरवडून, पीळ देऊन त्यानं जोड बांधला. तोवर पोरगी गेली होती. मग हिटर लाल झाला.

"बंद करा भाऊ," सरस्वती म्हणाली. "आता कोनाले शेकता?"

गफूर तिच्या पायाशी बसला. "भाभी, बल्ब खोटा नव्हता. मीच भार टाकून पाह्यलं नाही."

पुढं दर पौषात तो वाट वाकडी करून यायचा. चहा प्यायचा, विचारायचा, "भाभी, कशा हा?" ती म्हणायची, "बरी हाओ भाऊ." निघताना मला बाजूला घ्यायचा. "भाभीचं 'बरी हाओ' हा नुसता बल्ब पेटला, नामदेव. भार पडल्यावर पाहत जाय." मी मान हलवायचो. मला वाटे, याला अजून पोरीचंच लागलं आहे.

गफूर मेल्याला बरीच वर्षं झाली. सरस्वती या पौषात गेली. त्याआधी दोन वर्षं ती पाण्याची घागर अर्ध्या वाटेत खाली ठेवून दम घ्यायची. मला ओट्यावरून दिसायचं.

"बरी हायस ना वं?" मी ओरडायचो.

"बरी हाओ."

मग ती घागर उचलायची. मी ओट्यावरच बसून राहायचो.